जाग्यावर धावणे

साखळीत, सोसायटीच्या माडीवर,
खाली खताची पोती, वर माझा वर्ग.
फळ्यावर लिहिले: रन म्हणजे धावणे.
तिथेच चुकले.

सोयरू मळीक, वय सत्तेचाळीस,
पंचवीस वर्षे खनिजाचा ट्रक.
गुडघे मावत नाहीत त्याचे बाकात.
मुलीची जाड डिक्शनरी घेऊन आला, म्हणाला,
बाई, हे तर चार पाने धावतेय, थांबतच नाही.

मग आम्ही लागलो त्याच्या मागे.
त्यांचे नाक धावते. आपले वाहते.
नळ धावतो. हॉटेल धावते, सरकार धावते.
नव्या साडीचा रंग पहिल्या धुण्यात धावतो,
आपला नुसता उतरतो,
तोंडावरचा उतरतो तसा.
टक्कल घराण्यातून धावत येते.
निवडणुकीला त्यांचा माणूस धावतो,
आपला उभा राहतो.
सोयरू म्हणाला, आमचा निवडून आल्यावर धावतो,
मग गावात सापडत नाही.

रस्ता धावतो नदीच्या कडेने,
मी वाचले. तो पहिल्यांदा हसला.
रस्ता कुठे धावतो, बाई?
तो जाग्यावरच असतो.
रोज सात खेपा, मीच धावायचो.

त्याच शब्दाला आउट जोडले की साखर संपते.
इन्टू जोडले की जुना ओळखीचा भेटतो बाजारात.
ओव्हर जोडले की
मी पान उलटले.
त्याने ते घरीच वाचले होते.
डिचोलीच्या वळणावर एक सायकल, हँडलला पावाची पिशवी.
पोरगा वाचला. आता पणजीत नोकरीला आहे.
पण चाकाखाली पाव आला की
आवाजच होत नाही, त्याला काय म्हणायचे?
मला माहीत नव्हते.
खाली कुणीतरी युरियाचे पोते आपटले.

घरी जाताना मोजत गेले:
आपले सगळे चालते.
दुकान चालते, घड्याळ चालते, संसार
लंगडत का होईना, चालतो.
कालची कढी आज चालते, जास्तच चालते.
खाण बंद झाली तेव्हाही पिंपळाखाली बसून
सगळे म्हणाले, चालायचेच.
ट्रकांच्या रांगा उभ्या, हप्ते तेवढे चालू.
एवढी कसली फेरी गाठायचीय त्या भाषेला,
की आपणच चुकवली आपली,
चालत चालत?

सोयरूच्या आज्याचा जन्म
पोर्तुगीज वहीत सापडला, नावाचे स्पेलिंग तीन तऱ्हांचे.
त्या तीन तऱ्हांच्या जोरावर
नातू निघाला स्विंडनला, गोदामात खोकी उचलायला.

निघायच्या आधीच्या आयतवारी वेळग्याला गेले.
फणसाखाली ट्रक,
आरशात वेल शिरलेली, बोनेटवर फणसाची पाने.
बॅटरी मरू नये म्हणून
दर आयतवारी चावी देतो म्हणाला.
चढला. दोनदा खोकला ट्रक,
मग सगळा अंगभर थरथरला,
पाने घसरली, कोंबड्या पळाल्या,
पायरीवरच्या तांब्यातले पाणी कापू लागले.

केबिनमधून वाकून त्याने विचारले,
बाई, इंग्रजीत हा आता धावतोय ना?
होय.
इंचभर न हलता?
होय, सोयरू, इंजिन सुरू असले की
तसेच म्हणतात.

बराच वेळ बसून राहिला स्टिअरिंगवर हात ठेवून,
समोर फणसाचे खोड, त्यापलीकडे गडगा,
त्यापलीकडे लाल डोंगर, अर्धा.
मग ओरडून म्हणाला, इंजिनच्या वरून,
आले ध्यानात!
सहा वर्षे मी हेच करतोय!

बंद केला.
कोंबड्या एकेक करून परतल्या.
चावी मुलीला दिली, फडक्यात पुसून.
पंधरा मिनिटे, म्हणाला. जास्त नको. डिझेल महाग.