आक्षेप क्रमांक सात

साहेब,
आपण विचारलंय, मंजूर नकाशात पूल सरळ आहे,
एका गाडीपुरता,
मग मधल्या खांबावर तो फुगलाय कशाला?
अकरा घनमीटर जादा काँक्रीट कुणाच्या पोटात गेलं?

पुलाच्याच.

आपण कोटाबाटोच्या ऑफिसात बसता, म्हणून सांगते.
लिगुआसानच्या दलदलीत नदीच्या अलीकडे उलिम्पाइनची माणसं,
पलीकडे माकाकेनाची.
भांडण एका रेड्यावरून लागलं म्हणतात.
काहीजण म्हणतात, लग्नातल्या एका शब्दावरून.
मी गेले तेव्हा एकवीस कबरी झाल्या होत्या
आणि तो शब्द कुणालाच नीट आठवत नव्हता.

पाया खणताना गाळात आधी काडतुसं लागली,
मग मासे धरायचा वेताचा सापळा, अख्खा,
मग एक चप्पल, माझ्या तळहाताएवढी.
खडक फार खाली होता.
सकाळची पाळी अलीकडची, दुपारची पलीकडची.
एकमेकांची तोंडं बघायची नाहीत, अशी अट.
फावडी मात्र तीच.
दुपारची माणसं यायची तेव्हा दांडे अजून ऊन असायचे.

एकदा बापा सान्दिगान कॉफीचा पेला हातात फिरवत म्हणाला,
"इंजिनिअरबाई, पुलावर मधोमध
दोन गाड्या समोरासमोर आल्या,
तर मागे कोण जाणार?"

मी संहिता उघडली.
आसाचा भार होता, वारा होता, भूकंप होता,
पन्नास वर्षांतला सगळ्यात मोठा पूर होता.
मागे कोण जाणार, ते नव्हतं.

तीन रात्री जनरेटरच्या उजेडात
मी नवा नकाशा काढला.
परवानगी मागितली नाही, हे खरं आहे.
परवानगी येईतो पाणी चढलं असतं.

फीत कापायला कुणी आलं नाही.
दहाव्या दिवशी इकडून नारळांची जीपनी आली,
तिकडून टेम्पो, मागे खाटेवर कुणीतरी आजारी.
फुगवट्याशी दोघेही थांबले.
बराच वेळ इंजिनं नुसती घरघरत राहिली.
मग नारळवाल्याने आपला आरसा आत दुमडला.
मग टेम्पोवाल्यानेही.
एकमेकांकडे न बघता गेले.
याहून जास्त काही झालं, असा माझा दावा नाही.

वसुली पगारातून करावी, शक्यतो हप्त्यांनी.
कारणाच्या रकान्यात जागा दोन बोटांची,
म्हणून हा वेगळा कागद.
रकान्यात मी लिहिलंय:
वाहतुकीची सोय.

आपली,
नोर्हाता कामेन्सा