नीरम

घानिमनं गाडी ढकलतच आणली,
रास अल खैमाच्या इंडस्ट्रियलमध्ये, दुपारी दोनला,
जेव्हा पाना हातात धरवत नाही.
साधी गोल्फची गाडी,
हिरवळीवर म्हाताऱ्यांना मिरवायची.
हिला आता ताशी सत्तर गाठायचे होते.
"चाळीसपर्यंत शहाणी," तो म्हणाला,
"पंचेचाळीसला मान हलवते,
पन्नासला तिच्या अंगात येतं."

मी खाली सरपटलो.
सहा इंच उंच केलेली, चाकं जाडजूड,
मोटर नवी, कंट्रोलर नवा,
पळायचं ते सगळं नवं.
वळायचं ते कंपनीचंच, बारा वर्षांचं.

पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं:
नऊ आणि तीनवर खुटखुट,
बारा आणि सहावर खुटखुट.
टाय रॉडचे बॉल म्हातारीच्या दातांसारखे,
किंगपिनचे बुश नावापुरते.
स्टिअरिंग वीतभर फिरवावं,
तेव्हा कुठं चाकाला निरोप पोचायचा.
गुल वझीर वाकून हसला:
"पावसे, ही गाडी आहे की पाळणा?"
इथं मला सगळे पावसे म्हणतात.
पाऊस वर्षातून चार दिवस.

बुश ठोकले. बॉल बदलले.
चारी चाकांतली हवा थोडी उतरवली.
मग मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत दोरी ताणली,
टायरवर खडूनं रेघ ओढली.
पुढची दोन्ही फाकलेली,
वाटणी करून निघालेल्या भावांसारखी,
एक समुद्राकडे, एक डोंगराकडे.
तीन मिलिमीटर आत वळवली, नखाएवढी.
सरळ जायचं तर चाकांनी जरासं एकमेकांकडे बघावं लागतं,
हे मला कुणी शिकवलं नाही,
दोरीनंच दाखवलं.
उंचीवर घानिमनं घासाघीस केली.
सहातले तीन इंच उतरवायला कसाबसा कबूल झाला.

तरी पन्नासला ती हलकीच.
मान हलायची थांबली, पण पाय जमिनीवर नाहीत.

रात्री खोलीवर, सुकुमारनच्या घोरण्यात, सुचलं:
सीटखालच्या सहा शिशाच्या बॅटऱ्या काढून
यानं एक लिथियमची बसवलीय.
सव्वाशे किलो गेले,
कुणी विचारलंच नाही कुठं गेले.

हर्णैला मासळी उतरवून रिकामा मचवा परत न्यायचा
तेव्हा बाप तळात धोंडे भरायचा.
नीरम म्हणायचा त्याला.
मी वाहून वाहून वैतागायचो:
रिकामा झालाय तर रिकामा जाऊ दे की.
तो बोलायचा नाही.
पुढचा धोंडा हातात द्यायचा.

सकाळी भंगारातून लोखंडी पत्रे आणले, बोटभर जाड.
नव्वद किलो, चासीला खाली, अगदी खाली,
मध्यापासून जरा पुढं, आठ बोल्टांनी.
घानिम म्हणाला, वेडा झालास का,
मी वजन कमी करायला पैसे मोजले.

संध्याकाळी आजोबांना घेऊन आला.
म्हातारा काठी गुल वझीरकडे देऊन वाकला,
पत्र्यावर तळहात ठेवला, म्हणाला, "साबूरा."
मला ऐकू आलं, सबुरी.
मी म्हटलं, हो, तीही लागतेच.
सुकुमारननं समजावलं: जहाजाच्या पोटातलं ओझं.
म्हाताऱ्यानं हात हवेत डोलवला,
डोलवत डोलवत स्थिर केला.
मग मीही पत्र्यावर हात ठेवला. "नीरम."
"नीराम," तो म्हणाला.
चालेल.

खाडीकडच्या रस्त्यावर अठ्ठावन्नला
मी दोन्ही हात सोडले, आठपर्यंत मोजले.
दोरी पुन्हा कुणीतरी ताणून धरल्यासारखी गेली.

"वेग सातनं घटला," घानिम कुरकुरला,
आणि बिलातले पन्नास दिरहम कापले.

म्हातारा मागच्या सीटवर बसला,
ती सीट उलटी असते,
तोंड आमच्याकडे.
गाडी निघाली, तो लांब जात राहिला,
एका हातात दांडी, मांडीवर काठी,
बघत राहिला,
वळणापर्यंत
जराही न हलता.