पाणीगेट

पारसनीसांनी सर्व्हरना शहराच्या दरवाजांची नावं दिली होती.
लहेरीपुरा, गेंडीगेट, चांपानेर, पाणीगेट,
आणि मधोमध, सगळ्यांना जोडणारी मांडवी.
रात्री दोनला फोन आला तरी
अर्ध्या झोपेत कळायचं
बडोद्यात कुठे अडलंय.

आता मकरपुऱ्याच्या या थंड खोलीत
चारशे बारा यंत्रं, सगळ्यांना आकडे.
कोण तापलंय, कोणाची डिस्क भरत आलीय,
सॉफ्टवेअर आधीच सांगतं.
मी फक्त ‘पाहिलं’वर बोट ठेवते.

पाणीगेट तेवढा उरलाय, खालच्या रॅकमध्ये.
पंखा खरखरतो. सोमवारी बंद, असं यादीत आहे.
करतो काय हा? कोणालाच माहीत नाही.
शेवटी लॉग उघडून बसले.

रोज पहाटे तीन दहाला तो मांडवीला हाक मारतो.
ती तर केव्हाच भंगारात गेली, किलोच्या भावाने.
तीनदा वाट बघतो,
मग पारसनीसांच्या बंद पडलेल्या पत्त्यावर लिहितो:
मांडवी उत्तर देत नाही.
अकरा वर्षं. एक दिवस खाडा नाही.

तीन वाजून आठ.
रणछोडभाईंनी ठेवलेल्या चहावर साय धरलीय.
मांडवीचा जुना आकडा मी माझ्या लॅपटॉपला देते,
केबल खुपसते.
नियमात बसत नाही हे.

तीन दहा.
आली हाक. चौसष्ट बाइट.
लॅपटॉप म्हणाला, हो.

पंखा तसाच खरखरत राहिला.
त्या पहाटे पाणीगेटने
कोणालाच काही लिहिलं नाही.