रेघेवर

गुदैबियात, तिसऱ्या मजल्यावर, आम्ही एसी बंद केला.
त्याची घरघर माइकात उतरते.
परकारांनी इस्त्री वीतभर वर धरून
ढोलकीची पुडी शेकली, दमट हवेनं ती रडवेली झाली होती.
मग म्हणाले, लाव तुझी टिकटिक.

चार मिनिटं अकरा सेकंद. एका दमात.

आता तो केरवा पडद्यावर आडवा पसरलाय,
खळ्यात सुकट घालावी तसा,
आणि त्यावर माझ्या उभ्या रेघा.
एकही थाप रेघेवर नाही.
सगळ्या जराशा मागे,
बस सुटली तरी न धावणाऱ्या माणसासारख्या.
एकेक थाप चिमटीत धरतो, डावीकडे ओढतो.
वीस मिलिसेकंद. पस्तीस.

दुसऱ्या मिनिटानंतर उलटं,
थापा रेघेच्या पुढे पळू लागतात.
खोली तापत गेली ती इथून.
त्यांना उजवीकडे ढकलतो.

त्रेपन्नाव्या आवर्तनात सम चक्क उशिरा.
मोठी करून ऐकली: दार, आणि प्लास्टिकची ठक्क.
शफीकुल रात्रपाळीला निघालेला, हेल्मेट विसरलेला,
ओठांवर बोट ठेवून आत आला, चोरासारखा,
आणि परकार हसले.
ते हसू ऐकू येत नाही.
त्रेसष्ट मिलिसेकंद रुंद आहे.
तेही ओढून घेतलं.

शुक्रवारी त्यांना ऐकवलं.
हेडफोन उजव्या कानाला; डावा
हिद्दच्या गोदीत, गंज खरवडणाऱ्या हातोड्यांना
केव्हाच देऊन झालाय.
डोळे मिटून, मांडीवर बोटं चालवत, शेवटपर्यंत.
मग विचारलं, कोण रे हा? हात साफ आहे पोराचा.

मी म्हणालो, आहे एक. मस्कतचा.

बरा आहे, म्हणाले, आणि चपला शोधू लागले.
जिन्यात एकदा थांबले असावेत,
उतरत्या पावलांत मध्येच एक खाली गेली.

तेव्हापासून ती फाइल दोन नावांनी पडून आहे.
सकाळी पाठवायची आहे, कुणाच्या तरी
साखरपुड्याच्या व्हिडिओखाली.
पैसे साफ हाताचे ठरलेत.
पावणेदोन वाजलेत.
जुनी उघडतो,
आणि लावण्याआधी उठून
एसी बंद करतो.