अर्धा म

किओज्जाच्या कालव्यालगत, दुसऱ्या मजल्यावर,
मंगळवारी आणि शुक्रवारी
कोझिमा एक क्रियापद टेबलावर ठेवते
आणि संत्र्याच्या फोडी कराव्यात
तशी त्याची अक्षरं सुटी करते.

समोर जिल्दो. उजवा हात मांडीवर,
कुणीतरी विसरून गेल्यासारखा.
आयुष्यभर त्याने होड्यांच्या फळ्यांमधल्या फटी
ताग आणि डांबर ठासून बुजवल्या.
आता ही पोरगी म्हणते, फट दाखवा.
पार. लो.
जिथे तुटतो तिथे बोट आपटा.

पाऽर्लो म्हणजे मी बोलतो.
जोर पहिल्यावर.
जिल्दो तो जोर धरून ठेवतो, धरून ठेवतो,
आणि शेवटच्या अक्षरावर एकदम सोडतो:
पार्लोऽ.
म्हणजे तो बोलला. फार पूर्वी, एकदा.
कोझिमा वहीत लिहिते, आघात सरकला.
खिडकीशी मटार सोलणारी नीवेस
शेंग तशीच हातात धरून ऐकते
नवरा स्वतःविषयी
गेलेल्या माणसाच्या काळात बोलतो ते.

मग कापितो.
जोर पहिल्यावर, तर मी सहज डोकावतो.
मधल्यावर, तर समजलं.
शेवटच्यावर, तर घडलं.
(आपल्या कानांना तिन्ही वेळा सुरीच ऐकू येते.)
जिल्दोला तिसरं पहिल्या फटक्यात जमतं.
घडलं. जानेवारीत,
अर्धी दाढी झाली होती तेव्हा.

तेलेऽफोनानो: ते फोन करतात.
दुसऱ्या पायरीवर पाय टेकायचा,
उरलेल्या तीन घसरत उतरायच्या.
"करत नाहीत," नीवेस म्हणते. "पुढचा घ्या."

कोझिमा लेच्चेकडची.
तिकडे माणसं व्यंजनावर बसतात,
सावलीतल्या बाकावर बसावं तशी, ऐसपैस.
इथे खाडीत जोडाक्षर टिकत नाही,
ओल लागून त्याचा एक पाय गळतो.
म्हणून ती ओठ मिटून सावकाश दाखवते:
आन. द्रेम. मो.
आम्ही जाऊ, पण जर.
अर्धा म मागच्या अक्षराचा, पूर्ण म पुढच्याचा,
मधे क्षणभर ओठ बंद,
आणि त्या बंद ओठांतच सगळा 'जर' असतो.
अर्धा म काढला की उरतं, आम्ही जाऊ.
बस्स, जाऊ.

जिल्दो ओठ मिटतो.
डावा कोपरा घट्ट, उजव्यातून हवा निसटते.
आन. द्रे. मो.

"'जर' राहिला," कोझिमा म्हणते. "पुन्हा."

आन. द्रे. मो.

नीवेस हसायला लागते.
मटार जमिनीवर सांडतात, एक टेबलाखाली, दोन दाराकडे.
"अगं, धडधाकट होता तेव्हाही
यानं कधी दोन म म्हटले नाहीत.
त्या एका मवर भरोसा ठेवून
पंचावन्न वर्षांपूर्वी मी हो म्हटलं.
रोम अजून बघायचंय."

जिल्दोचा अर्धा चेहरा हसतो,
उरलेला अर्धा थोड्या वेळानं.
डाव्या हाताचं बोट टेबलावर
तीनदा आपटतं, चौथ्यांदा हवेत थांबतं.

कोझिमा चुकीची खूण खोडते
आणि शेजारी लिहिते:
जुनी सवय. आजार नाही.