धामणाची काडी

इस्लापूरच्या पुढं, नाला ओलांडताना
मोबाईल मी डोक्यावर धरला,
खिशातली काडीपेटी मात्र लगदा झाली.
जैतू टेकाम काही बोलला नाही.
कमरेची धामणाची काडी काढली,
पांगऱ्याच्या फळीवर पाय दिला
आणि तळहात वरून खाली, वरून खाली,
थंड पडलेलं अंग चोळावं तसे.

सात मिनिटांनी धूर.
मग धूरही गेला.
"कामून मोजायलास, सर?"
तळहातावर थुंकून तो पुन्हा बसला.

काळा भुगा. त्यात लाल,
मुंगीच्या डोक्याएवढं.
सावरीच्या कापसात घेऊन त्यानं फुंकर घातली:
पोराला उठवायचं तर आहे,
पण दचकू नये.

चहा झाला.
सकाळी काडीपेटी मी दगडावर वाळत घातली.
जैतूनं ती उचलून
उन्हाकडं सरकवली.