हातचा एक

रोज दोन बोटं पाणी कमी व्हायचं.
रेजाँ म्हणायचा, ऊन आहे, उडून जात असेल.
शाविनिगनच्या मे महिन्यात?
परवापर्यंत कुंपणाच्या सावलीत बर्फ होता.
कुठंतरी पाणी मुरतंय, मी म्हटलं.

मग केकसाठी आणलेला लाल रंग
मी थेंबाथेंबानं सोडत गेले कडेकडेनं,
दिव्यापाशी, गाळणीच्या तोंडाशी.
थेंब लोंबकळायचा, फुलायचा, आळसावायचा.
पायऱ्यांच्या डाव्या कोपऱ्यात मात्र
तो सुतासारखा सरळ झाला
आणि भिंतीत शिरला,
दार उघडं राहिलेल्या घरात मांजर शिरतं तसा.

ठिगळ लावून पाहिलं. एक, मग तीन.
चोवीस वर्षांचं विनाइलचं अस्तर,
क्लोरीननं आणि थंडीनं वाळून पापड झालेलं,
इथं चिकटवलं की तिथं तडकायचं.
"सगळंच काढू," रेजाँ म्हणाला,
दातांच्या डॉक्टरकडे म्हणतात तशा आवाजात.

पाणी उपसलं. अस्तर पट्ट्यापट्ट्यांनी कापून वर फेकलं.
मागे उघडी पडली पत्र्याची भिंत,
गंजाचे मोठमोठे नकाशे,
आणि उत्तरेकडे, मेणखडूनं,
त्याच्या भावाच्या, नॉर्मांच्या, तिरक्या अक्षरात:
३२ गुणिले १६ बरोबर ४१२.

रेजाँ बराच वेळ बघत राहिला.
"हातचा एक विसरला," म्हणाला.
"आणि मी इतकी वर्षं टँकरवाल्याला शिव्या देतोय."

चार टँकर मागवले होते, लागत होते पाच.
पाणी गाळणीच्या हातभर खाली थांबलं,
पंप नुसता घोरायचा,
आठवड्यात सगळं हिरवं झालं
आणि तरी दोघं भाऊ त्यात संध्याकाळभर डुंबायचे.

त्यानंतरचा हिशेब आईचा.
तिच्या शेवटच्या हिवाळ्यात
कुणी किती रात्री जागवल्या.
दोघांनी आपापली बेरीज केली. जुळली नाही.
अकरा वर्षं एकमेकांना पाण्यात पाहिलं,
आणि तलाव तर एकाच्याच अंगणात.

गंज घासला, रंग दिला,
तळाच्या खड्ड्यांत सिमेंट भरलं.
तेवढ्या एका चौकोनाला मात्र
रेजाँनं पॉलिश पेपर लावला नाही.

नवं अस्तर उन्हात पसरलं, मऊ व्हायला.
त्याला चार कोपरे. आम्ही तिघं:
रेजाँ, मी, आणि शेजारची ओदील,
जिचं अर्धं लक्ष फोनमध्ये.
"दुपारनंतर वारा आहे," तिनं फोनमधूनच सांगितलं.
रेजाँ घरात गेला.
खिडकीतून मला एकच वाक्य ऐकू आलं:
"एक हात कमी पडतोय."

नॉर्मां आला, स्वतःचे हातमोजे घेऊन.
मिठी नाही, काही नाही. सरळ शिडीनं आत उतरला.
भिंतीपाशी चष्मा कपाळावर चढवला.
"हे माझं अक्षर नाही," म्हणाला.
ओदील फिस्सकन हसली,
तेव्हा आम्हाला कळलं, हसलं तर चालणार आहे.

चौघांनी चार कोपरे ओढले.
कड खाचेत बसवताना माझी दोन नखं गेली.
व्हॅक्यूम क्लीनरचं नळकांडं मागे खुपसलं,
त्यानं हवा ओढायला सुरुवात केली
आणि इतका वेळ फुगून बसलेलं ते निळं
एकदम दचकून भिंतीला चिकटलं.
४१२ त्याच्या आत.

खोल बाजूला पाणी घोट्याला आलं.
दोघं अनवाणी, पँटी दुमडून, एकमेकांना पाठमोरे,
टाचेनं सुरकुत्या भिंतीकडे सारत होते.
एक काही केल्या जाईना.
"राहू दे."
"राहू दे कशी? जन्मभर दिसेल."
मी वर उभी, होजपाइप धरून, गप्प.

"उद्या टँकर किती सांगितलेस?" नॉर्मांनं विचारलं.
"पाच."
त्याचे ओठ हलले. ओल्या बोटांवर त्यानं काहीतरी मोजलं.
"सहा सांग," म्हणाला.